सीईटीचा पर्सेंटाइल आणि कॉलेजातले मार्क : सांगलीच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या विश्रामबागेतल्या घराच्या पायरीवर चपलांची गर्दी असते. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. सांगलीचं वालचंद कॉलेज लागेल की कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग, हे सांगणारे या गावात पुष्कळ आहेत. मागच्या पाच वर्षांचे कटऑफ त्यांना तोंडपाठ असतात. मी त्यातली नाही. माझ्याकडे लोक येतात ते एका वेगळ्या प्रश्नासाठी. "मॅडम, एवढ्या पर्सेंटाइलवर पोराला झेपेल का?" तेच तेच बोलून घसा बसायला लागला, म्हणून लिहून काढलं.

प्र. एका वाक्यात सांगा. सीईटीत जास्त असेल तर कॉलेजात जास्त, असं असतं का?

बहुतेक वेळा असतं, पण त्या 'बहुतेक'मध्येच सगळं आलं.

दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती चालतात हे मोजायला संख्याशास्त्रात सहसंबंध गुणांक असतो. काहीच नातं नसेल तर शून्य, एकीवरून दुसरी बिनचूक सांगता आली तर एक. प्रवेश परीक्षा आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे मार्क यांच्यातलं नातं, नीट मोजलं तर, ०.५ च्या आसपास येतं. आकडा ऐकून पालक म्हणतात, "म्हणजे पन्नास टक्के बरोबर?" तसं नाही. त्याचा अर्थ असा लावा. राज्यातून कुठलीही दोन मुलं उचला. आकडा हाताशी नसता तर कॉलेजात कोण पुढे जाईल हे सांगताना शंभरात पन्नास वेळा तुम्ही बरोबर आला असता, नाणं उडवल्यासारखं. गुणांक ०.५ असेल आणि ज्याचा स्कोअर जास्त त्याच्यावर बोट ठेवलं, तर शंभरात सदुसष्ट वेळा बरोबर याल. उरलेल्या तेहतीस वेळा मागचा पुढे निघून जातो.

सदुसष्ट हा आकडा फेकून देण्यासारखा नाही. एका मुलाचं भविष्य सांगायला मात्र तो पुरत नाही. खाली जे काही आहे ते या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवून वाचा.

प्र. मग ही परीक्षा नक्की मोजते तरी काय?

ऊसवाल्यांना हे सांगावं लागत नाही. तोड यायच्या आधी कारखान्याचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतो, दोन-चार उसांचे थेंब काचेवर घेतो आणि ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा, सांगतो. तो आकडा खरा असतो. पण गाळपानंतरचा साखरेचा उतारा त्यावरूनच ठरतो का? तोडलेला ऊस दोन दिवस गाडीत पडून राहिला, पाचट जास्त आलं, मध्येच पाऊस झाला, तर उतारा खाली. ब्रिक्समापक खोटं बोलला नव्हता. त्यानं त्या दिवशीचं, त्या थेंबाचं सांगितलं होतं.

सीईटी म्हणजे तो थेंब. भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, गणिताचे पन्नास प्रश्न पुढच्या नव्वद मिनिटांत. अकरावीचा साधारण पाचवा हिस्सा, बाकी बारावी. त्या दिवशी मुलाला अकरावी-बारावीचं किती येत होतं आणि ते तो किती वेगानं वापरू शकत होता, एवढं ती मोजते, आणि बऱ्यापैकी मोजते. तो सकाळी आठच्या लेक्चरला उठेल का, वर्कशॉपचं जॉब पुरं करेल का, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर तीन तास बसेल का, हे चार पर्यायांतून कळत नाही.

प्र. पर्सेंटाइल म्हणजे टक्केच ना?

नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांतले साधारण नव्वद तुमच्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे. २०० पैकी १८० मार्क मिळाले असा त्याचा अर्थ होत नाही. २०१९ पासून परीक्षा संगणकावर, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते. एका शिफ्टचा पेपर अवघड, एकीचा सोपा, म्हणून प्रत्येक शिफ्टमध्ये मुलाची जागा काढून मग सगळ्यांची एक यादी जोडतात.

प्र. माझ्या मुलीला ९४, तिच्या मैत्रिणीला ९५. मैत्रीण पुढे जाणार का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारताना आईचा चेहरा असा असतो की जणू एका पर्सेंटाइलनं घर बुडालं.

मी गणित करून पाहिलं. मार्कांची विभागणी नेहमीसारखी घंटेच्या आकाराची धरली आणि नातं ०.५ धरलं, तर ९५ वाली ९४ वालीच्या पुढे जाण्याची शक्यता शंभरात एक्कावन्न-बावन्न. म्हणजे नाणंच. उलट ९९ आणि ८० अशी जोडी घेतली, तर ९९ वाला शंभरात त्र्याहत्तर वेळा पुढे असतो. हा फरक खरा आहे. पण इथेही सत्तावीस वेळा ८० वाला पुढे जातो, हे विसरू नका.

पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, हीसुद्धा यातली मेख आहे. मधल्या भागात मुलांची दाटी असते, तिथे दोन-चार मार्कांत पाच पर्सेंटाइल उडून जातात. वर, ९९ च्या पुढे, मुलं विरळ होतात. तिथे ९९ आणि ९९.९ यांच्यातलं अंतर ९४ आणि ९५ यांच्यातल्या अंतराच्या आठ पटीहून जास्त असतं. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, फॉर्म मात्र दशांशचिन्हापुढच्या सात आकड्यांपर्यंत जातो. कुणाला आधी बोलवायचं हे ठरवण्यासाठी ते लागतं. जागा मोजक्या, रांग तर लावलीच पाहिजे. पण सातव्या दशांशाला हुशारी असते असं कुणी समजू नये.

आणि सीईटीत चुकलं तरी मार्क कापत नाहीत. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत सगळी मुलं उरलेल्या प्रश्नांची उत्तरं अंदाजानं भरतात. गणिताचे दहा प्रश्न डोळे मिटून भरले, तर सरासरीनं पाच मार्क मिळतात. सरासरीनं. प्रत्यक्षात एकाला दोन मिळतात, शेजारच्याला दहा. त्या आठ मार्कांवर घरात दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

प्र. कॉलेजातले सर म्हणाले, "आम्ही पाहिलंय, सीईटीचा आणि सेमिस्टरच्या मार्कांचा काही संबंध नसतो." खरं काय?

सरांनी पाहिलं ते खरं आहे. काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी स्वतः तोच काढला होता, म्हणून ठामपणे सांगते.

एका वर्षी हौसेनं मी माझ्या वर्गाचा आलेख काढला. आडव्या रेषेवर सीईटी, उभ्या रेषेवर गणित-१ चे मार्क. ठिपके असे पडले, जशी अंगणात ज्वारी सांडावी. स्टाफरूममध्ये मी तो कागद फिरवला आणि म्हणाले, बघा, ही परीक्षा निव्वळ थोतांड आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. संख्याशास्त्र शिकवणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी तेवढे गप्प होते. चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, ७४ किलोच्या गटात वजनावर कुस्ती ठरते का?"

मी म्हटलं, नाही, तिथे सगळे सारखेच वजनाचे.

"मग वजनाचा आणि कुस्तीचा संबंधच नाही म्हणायचं का?"

सांगलीत राहून हे मला सुचायला हवं होतं. वजनगट कशासाठी असतात? वजनानं फरक पडतो म्हणूनच. एकदा गट पाडला की मग गटाच्या आत डाव, दम आणि डोकं चालतं. कॉलेज हा असाच वजनगट आहे. कटऑफ लावून आपण जवळजवळ सारख्या स्कोअरची मुलं एका वर्गात बसवतो आणि मग म्हणतो, स्कोअरनं काही कळत नाही. कळायचं ते दारातच वापरून झालेलं असतं.

याचं गणितही आहे. सगळ्या मुलांत मिळून नातं ०.५ असेल आणि त्यातली वरची दहा टक्केच मुलं एका कॉलेजात आली, तर त्या कॉलेजच्या आत तेच नातं ०.२३ वर उतरतं. जोडीच्या हिशेबात शंभरात सदुसष्टचे साधारण सत्तावन्न होतात. म्हणून अभ्यासक हा परिणाम हिशेबात धरून आकडा दुरुस्त करून घेतात. बिनदुरुस्तीचा आकडा दाखवून कुणी परीक्षा निरुपयोगी आहे म्हणत असेल, तर त्याला कुस्तीच्या फडावर घेऊन जा.

पालकांच्या दृष्टीनं यात एक उपयोगाची गोष्ट आहे. प्रवेश मिळेपर्यंत स्कोअरला किंमत आहे. वर्गात बसल्यावर ती झपाट्यानं उतरते. शेजारच्या बाकावरचा मुलगा ९७ वाला आहे म्हणून आपल्या ९५ वाल्यानं दबून जाण्याचं कारण नाही.

प्र. बारावीचे मार्क जास्त खरे की सीईटी?

यावर जगात भांडणं आहेत, तेव्हा जरा बसून बोलू.

अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा १९२६ पासून आहे, आणि तिच्यावर झालेले अभ्यास आपल्याकडच्यापेक्षा खूप जास्त आहेत. २०१९ मध्ये तिथल्या कॉलेज बोर्डानं १७१ महाविद्यालयांतल्या सव्वादोन लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाच्या मार्कांशी सॅटचं नातं ०.५१, शाळेतल्या मार्कांचं ०.५३, आणि दोन्ही एकत्र धरले तर ०.६१. (सॅट विकणारं मंडळ तेच, हे लक्षात ठेवा. तरीही त्यांच्या आकड्यांत शाळेचे मार्क थोडे वरच आहेत, म्हणून मी ते मानते.)

यातला शेवटचा आकडा बघा. दोन्ही मिळून एकट्या कुणापेक्षाही जास्त सांगतात, कारण दोघं वेगवेगळं मोजतात. शाळेचे मार्क वर्षानुवर्षांच्या सवयीचे असतात: गृहपाठ, हजेरी, नीट लिहिणं, परीक्षेच्या आदल्या दिवशी न गडबडणं. प्रवेश परीक्षा सगळ्यांना एकाच फूटपट्टीनं मोजते. एका शाळेतले ऐंशी आणि दुसऱ्या शाळेतले ऐंशी सारखे नसतात, हा घोळ ती काढते.

महाराष्ट्रानं हे मिश्रण करून पाहिलं होतं. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीच्या प्रवेशाला जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचे निम्मे आणि बारावीचे निम्मे गुण धरले होते. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांच्या प्रवेशांतही २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन होतं, २०१७ पासून ते काढलं. आज आपल्याकडे बारावी पात्रतेपुरती उरली आहे: खुल्या गटाला ४५ टक्के पार केले की झालं, पुढे समान पर्सेंटाइल आले तरच बारावीचे मार्क बघतात. उलट तमिळनाडूनं २००६ मध्ये कायदा करून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाच बंद केली; तिथे बारावीवर प्रवेश होतात. म्हणजे कर्नाटक ओलांडलं की आपला नियम पूर्ण उलटा.

माझं मत विचाराल तर बारावीला पुन्हा काही वजन मिळायला हवं. आज काय झालंय, बारावीला किंमत नाही म्हटल्यावर मुलं कॉलेजात जातच नाहीत. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, बसणं क्लासमध्ये. भौतिकशास्त्राला ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक. ते तीस मार्क कसे पडतात हे मी सांगायला नको. मग ती मुलं आमच्याकडे येतात आणि व्हर्निअर हातात कसा धरायचा इथून सुरुवात करावी लागते.

पण बारावीला वजन द्यायचं, तर बारावीचे मार्क विश्वासाचे पाहिजेत. २०२१ आठवा. कोरोनामुळे परीक्षा झाली नाही, मागच्या वर्गांवरून आणि अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावला: बारावी ९९.६३ टक्के, दहावी ९९.९५ टक्के. दहावीच्या ९५७ मुलांना शंभरपैकी शंभर. मुलांचा दोष नव्हता, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. पण सगळेच वरच्या पायरीवर उभे असतील तर कोण पुढे जाईल हे कुठल्या आकड्यावरून सांगणार? त्या वर्षी सीईटी नसती तर अभियांत्रिकीची यादी लावताच आली नसती.

प्र. अमेरिकेत तर ही परीक्षाच रद्द केली ना?

अर्धी बातमी ऐकलीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीनं २०२० च्या सुरुवातीला अहवाल दिला की त्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे मार्क शाळेच्या गुणांपेक्षा परीक्षेवरून जास्त चांगले सांगता येतात. तरी त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळानं परीक्षा सोडायचं ठरवलं. कारण सामाजिक होतं: ज्यांच्या घरी पैसा त्यांचे स्कोअर वर. पुढे वारं फिरलं. तिथल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठानं मार्च २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे प्रत्येकाला कॅल्क्युलस पार करावंच लागतं, गणिताची तयारी बघितल्याशिवाय मुलाला आत घेणं त्याच्यावरच अन्याय आहे. डार्टमथ कॉलेजनं २०२४ मध्ये तेच केलं.

एमआयटीचा तो मुद्दा मला पटतो. पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झालेलं पोर वर्गात मागच्या बाकावर कसं सरकत जातं, ते मी पाहिलंय.

प्र. क्लास लावून मिळवलेला पर्सेंटाइल खोटा असतो का?

खोटा नसतो. दोन वर्षं रोज सहा तास गणितं सोडवली तर गणित येतंच. पण त्या सहा तासांतला एक भाग पर्याय उडवायच्या युक्तीवर गेलेला असतो. उत्तरांतून मागे जाणं, किंमत टाकून बघणं, 'हा प्रश्न सोड' हे ओळखणं. हेही कौशल्य आहे, फक्त ते आमच्या पेपरात चालत नाही. आमच्याकडे 'सिद्ध करा' असं लिहिलेलं असतं आणि खाली पर्याय नसतात. पहिल्या मिड-सेमला ९८ पर्सेंटाइलची मुलं उत्तर बरोबर लिहून दहापैकी तीन मार्क घेऊन जायची आणि माझ्याशी भांडायची. "मॅडम, आन्सर तर करेक्ट आहे!" मधल्या पायऱ्या कुठायत, म्हटलं की गप्प.

बहुतेक सावरतात. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत लिहायला शिकतात.

प्र. जिल्ह्यातल्या जत, आटपाडी तालुक्यांकडच्या मुलांना ही परीक्षा न्याय देते का?

रस्ता न्याय देत नाही, आणि परीक्षा तो रस्ता जसाच्या तसा दाखवते.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. सीईटीत भौतिक-रसायन मराठीतून देता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. चांगला क्लास तालुक्याला नाही, सांगलीला खोली घेऊन राहायचं तर खर्च. त्यामुळे त्या मुलाचा ८५ आणि विश्रामबागेतल्या मुलाचा ८५ यांच्यामागचे कष्ट सारखे नसतात. इथपर्यंत सगळे सहमत असतात. मग लोक पुढे म्हणतात, "म्हणजे कॉलेजात तो ८५ वाला नक्की झेप घेणार." हे मात्र मला तसं दिसलं नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. कारण कॉलेजही इंग्रजीतच आहे. जो अडथळा सीईटीत होता तोच गणित-१ मध्ये आहे, तोच मेकॅनिक्सच्या पुस्तकात. अमेरिकेतल्या अभ्यासांतही असंच निघालं: कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या बाबतीत परीक्षा त्यांना कमी लेखत नाही; उलट प्रत्यक्ष मार्क किंचित खाली येतात, कारण अडचणी कॉलेजच्या दारात संपत नाहीत.

दुसऱ्या वर्षानंतर चित्र हलतं. भाषा सरावाची होते, विषय सगळ्यांनाच नवे असतात, आणि मग जुन्या स्कोअरची पकड सुटत जाते. तोपर्यंत त्या मुलाला टिकवून धरायला कुणीतरी पाहिजे. घरच्यांनी पहिल्या सेमिस्टरला केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, म्हणून रडारड करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

प्र. मुलींच्या बाबतीत वेगळं असतं का?

थोडं. मुली कॉलेजात जेवढे मार्क मिळवतात त्यापेक्षा प्रवेश परीक्षा किंचित कमीचा अंदाज देते, असं परदेशातल्या अभ्यासांत वारंवार आढळलंय. माझ्या वर्गात जर्नल वेळेवर देणाऱ्यांची यादी काढली असती तर कारण सापडलं असतं. कॉलेजचे मार्क वर्षभराच्या कामाचेही असतात, आणि ते काम मुली सोडत नाहीत.

प्र. बारावीपर्यंत पहिला येणारा मुलगा कॉलेजात मधल्या नंबरवर गेला. मोबाइलनं वाटोळं केलं ना?

मोबाइलची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण त्याच्यावर सगळं ढकलण्याआधी दोन हिशेब बघा.

पहिला साधा आहे. वर्गात सत्तर मुलं, आणि आपापल्या शाळेत ती सगळी पहिल्या पाचांत होती. कुणीतरी पस्तिसावा येणारच.

दुसरा जरा सूक्ष्म. नातं ०.५ असताना ९९ पर्सेंटाइलची सगळी मुलं घेतली आणि राज्यभरातल्या सगळ्यांनी कॉलेजात एकच पेपर दिला असं समजलं, तर या मुलांची सरासरी ९९ वर राहत नाही, ८८ च्या आसपास येते. कुणी बिघडलं म्हणून असं होत नाही. ९९ ला पोचायला तयारी लागते आणि त्या दिवशी सगळं जुळूनही यावं लागतं. तयारी बरोबर येते, तो दिवस परत येत नाही. मुलाला एवढं तरी सांगा की तू घसरला नाहीस, गर्दी दाट झाली.

प्र. आमच्या शेजारच्या मुलाला ७० पर्सेंटाइल होते, आता तो कॉलेजात टॉपर आहे. मग?

गोष्ट खरी असणार, मला अशी चार-पाच मुलं आठवतात. त्यांचे सत्कारही झाले, शाल, नारळ, गावच्या गणपतीत फोटोचा फ्लेक्स. ७० पर्सेंटाइल आणि गणित-१ तीनदा दिलं, अशाचा फ्लेक्स कुणी लावत नाही. तीही मला आठवतात, जास्त आठवतात.

शंभरात तेहतीस वेळा उलटं होतं हे मी सुरुवातीलाच लिहिलंय. तुमच्यापर्यंत पोचतात त्या गोष्टी त्या तेहतिसांतल्या, कारण सांगायला मजा त्यांत आहे. ९६ वाला पोरगा ठरल्यासारखा चांगल्या मार्कांनी पास झाला, ही पारावर सांगायची गोष्ट होत नाही.

प्र. कॉम्प्युटर ब्रँचच्या दहापैकी ८.२ ग्रेड-पॉइंटमध्ये आणि सिव्हिलच्या ८.२ मध्ये फरक असतो का?

असतो, आणि सगळ्या हिशेबातली ही दुखरी जागा आहे. आपण प्रवेश परीक्षेला बोल लावतो, पण जिच्याशी तिची तुलना करायची ती कॉलेजची फूटपट्टी तरी सरळ आहे का? एका ब्रँचचे पेपर तपासणारे हात सैल, एकीचे घट्ट. ऑटोनॉमस कॉलेज स्वतःचे पेपर स्वतः काढतं, शिवाजी विद्यापीठाच्या पेपरला बसणाऱ्या कॉलेजांचा प्रश्नच वेगळा. अंतर्गत मार्कांत सरांची मर्जी. एका कॉलेजात (नाव घेत नाही) मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. ओरल सुरू व्हायच्या आधीच मार्कांची यादी पेन्सिलीनं भरलेली माझ्यापुढे ठेवली. अशा मार्कांचा अंदाज जगातली कुठली परीक्षा देणार? ती सही मी केली नाही, आणि पुन्हा मला तिथून बोलावणंही आलं नाही.

प्र. डिप्लोमावाले तर सीईटी न देताच थेट दुसऱ्या वर्षाला येतात. त्यांचं काय?

दहावीच्या मार्कांवर डिप्लोमा, डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसरं वर्ष. तीन वर्षांचं काम बघून घेतलेली मुलं. ड्रॉइंग, वर्कशॉप, प्रोजेक्ट यांत ती बारावीवाल्यांना शिकवतात. आणि गणित-३ ला अडकतात, कारण अकरावी-बारावीचं गणित त्यांनी त्या खोलीनं केलेलं नसतं. दोन वेगळ्या गाळण्या, दोन वेगळी भोकं. ती तिसऱ्या सेमिस्टरची सुरुवात एकदा निभावली की नंतर कोण कुठून आलं ते मला वर्गाकडे बघून सांगता यायचं नाही.

प्र. मेडिकलच्या नीट परीक्षेलाही हेच लागू का?

तत्त्व तेच, गट अजून अरुंद. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचलेली सगळी मुलं ७२० पैकी एका छोट्या पट्ट्यात असतात, तेव्हा वर्गाच्या आत स्कोअरवरून फारसं काही सांगता येणार नाही. ॲनाटॉमी पाठ करायला वेगळाच दम लागतो, असं तिथली माझी भाची म्हणते.

प्र. एक वर्ष थांबून सीईटी पुन्हा द्यावी का?

पाच-सात पर्सेंटाइलसाठी नाही. गणिताचा पाया खरंच कच्चा असेल आणि मूल स्वतःहून म्हणत असेल, तर विचार करा. फक्त कॉलेजच्या नावासाठी तुम्ही म्हणत असाल, तर नको.

प्र. सगळं ऐकलं. पण आमच्या मुलाला ८८ आहेत, पहिल्या सेमिस्टरला एसजीपीए (सेमिस्टरचे सरासरी ग्रेड-पॉइंट) किती पडेल, आकडा सांगा की.

एवढं वाचूनही हा प्रश्न येतोच, म्हणून शेवटी ठेवला.

समजा मला तुमच्या मुलाबद्दल काहीच माहीत नाही. मी राज्यातल्या सगळ्या मुलांची सरासरी सांगेन आणि काही अंतरानं चुकेन. आता तुम्ही मला सीईटीचा स्कोअर सांगितलात. नातं ०.५ असेल, तर माझी चूक किती कमी होते? निम्मी? नाही. सुमारे १३ टक्के. बारावीचे मार्कही खरेखुरे असले आणि दोन्ही मिळून नातं ०.६१ झालं, तरी चूक जेमतेम २१ टक्क्यांनी आटोपते. हजारो मुलांची यादी लावताना हे १३ आणि २१ टक्के सोन्यासारखे आहेत. तुमच्या एका मुलासाठी ते जून महिन्यातल्या ढगासारखे, पाऊस पडेलही.

म्हणून आकडा सांगत नाही. त्यापेक्षा वर्ग सुरू होईपर्यंत त्याला अकरावीची त्रिकोणमिती आणि बारावीचं इंटिग्रेशन वहीत पूर्ण पायऱ्या लिहून करायला बसवा, पर्याय झाकून. मिड-सेम झाली की ती उत्तरपत्रिका घेऊन या. सीईटीच्या स्कोअरकार्डापेक्षा तिच्यातून मला जास्त कळेल. येताना दुपारी दोन ते चार सोडून या, तेव्हा मी झोपलेली असते.